काळ्या टोपीचं चित्र

अहो,

बापूंचं दुखणं वाढलं म्हणून अकोल्याहून भाऊ मला न्यायला आलाय. तुम्ही कचेरीतून येईस्तोवर गाडी थांबणार नाही. नमी आईंजवळ आहे.

काल तुम्ही फळीवर फेकलेली तिची चित्रं मी खाली काढली, रागावलात तरी चालेल. लग्नपत्रिकांच्या पाठीवर खळीने चिकटवलीत, ओली होऊ देऊ नका. तिने तांब्याचं चित्र दाखवलं तर पाणी द्या, पाटाचं दाखवलं तर जेवण. आई म्हणतील, "पोरीले पत्ते काहून शिकवून राहिली?" म्हणू द्या.

चित्रं दाखवत बसली तर पोरगी तोंडाने 'बाबा' कधी म्हणणार, असं तुम्ही काल ओरडलात. मला रडू फुटलं, म्हणून सांगायचं राहिलं.

तुम्ही दारात आलात की ती काळ्या टोपीचं चित्र पुढे करते. तुम्ही डोक्यावरची टोपी तिच्या हातात देता नि आत जाता. ती टोपी भिरकावते, तुम्ही चिडता. अहो, तिला टोपी नकोच असते! तुमचा चेहरा मला काढता येईना, म्हणून नुसती टोपी काढली. तिच्यासाठी तेच 'बाबा'.

आज टोपी देऊ नका. ओ द्या.

अनसूया