दोन्ही पाय

अण्णा, उद्या सकाळी शोरूमवाल्याला उत्तर द्यायचंय, ट्रॅक्टर गिअरचा घ्यायचा की हायड्रोस्टॅटिक. तुम्ही असता तर हा प्रश्न उंबऱ्याच्या आत आलाच नसता. त्या माणसाचं बोलणं अर्ध्यावर तोडून तुम्ही म्हणाला असता, "गिअरचा. च्या टाका," आणि विषय संपला असता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या घरातले निम्मे निर्णय अजून 'अण्णांनी काय केलं असतं' इथंच येऊन अडतात, आणि खरं सांगते, मला त्याचा राग येतो. हा निर्णय मला माझा घ्यायचाय. चुकला तर कुणीतरी ट्रॅक्टरखाली जाईल. घेतलाच नाही तर दादा खुर्चीत बसून बसून संपेल.

हडपसरच्या आपल्या रानात आता ऊस नाही, नर्सरी आहे. चारी बाजूंनी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या बाल्कन्यांना झाडं लागतात, म्हणून आपलं चाललंय. मी गिऱ्हाईक बघते, दादा ट्रॅक्टर बघायचा. कुंड्यांच्या दोन रांगांमधून दिवसभर पुढे-मागे करायचं, पुढच्या बादलीनं माती आणि शेणखत उचलायचं, हे त्याचं राज्य. गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, हात परत आला, डावा पाय मात्र अर्धाच आला. चालतो, पण क्लच दाबायला गेला की पाय विचार करत बसतो. डॉक्टर म्हणाले, "अहो, जीव वाचला ना? मग ट्रॅक्टर विसरा आता." तेव्हापासून तो फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत असतो. कुणी गुलाब विचारला तर म्हणतो, "हाय. तिकडं." बस्स, दिवसभरात एवढंच. एकदा कणीक मळता मळता वहिनी मला म्हणाली, "वन्सं, माणूस जित्ता हाय, पण घरात न्हाय." तिच्या तोंडावर मी काहीतरी थातूरमातूर बोलले आणि मागे नळाशी जाऊन रडले.

जुना ट्रॅक्टर तसाही बदलायचाच होता, म्हणून मी त्या शोरूमवाल्याला बोलावलं. शहरातला गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "काका, यात क्लचच नाही. उजव्या पायाखाली एक पेडल. पंजा दाबला की पुढे, टाच दाबली की मागे, पाय उचलला की जागेवर थांबतो." दादानं त्याच्या पुस्तिकेतलं चित्र वाकून बघितलं आणि म्हणाला, "म्हंजे शिवणयंत्र." कित्येक महिन्यांनी तो काहीतरी तिरकस बोलला होता. तोट्याच्या गोष्टीही मी विचारून घेतल्या, तुमचीच लेक आहे. गिअरचा स्वस्त, डिझेल कमी खातो, ओढायला दणकट, आणि बिघडला तर शेजारच्या मांजरी गावातला कुठलाही मेकॅनिक झाडाखाली खोलून बसवेल. हायड्रोस्टॅटिक महाग, त्याचं तेल वेळेवर बदललं नाही तर पंपच जातो, आणि इंजिनाची थोडी ताकद नुसतं तेल ढवळण्यात जाते. पण चालवायला डावा पाय लागत नाही. मला बाकी काही ऐकूच येईना.

तुमचं मत मला माहीत होतं. एकदा शेतीच्या प्रदर्शनात असलाच एक परदेशी छोटा ट्रॅक्टर होता. तुम्ही त्याच्याभोवती फेरी मारलीत आणि म्हणालात, "उतारावर गिअर दातानं धरतो. तेल नुसतं 'हो' म्हणतं." धरण्याचा तुम्हाला भारी सोस. दादा सतरा-अठराचा असताना तुम्ही त्याला कसं शिकवलंत ते मी गोठ्याच्या भिंतीवर बसून बघितलंय. मला शिकवायचा प्रश्नच नव्हता, पोरीची जात. दादा रानातून ट्रॅक्टर आणतोय, आणि तुम्ही कडब्याच्या गंजीआडून निघून सरळ त्याच्या पुढ्यात उभे राहता, हाताची घडी घालून. "दोन्ही पाय!" डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर, एकदम, जीव खाऊन. ट्रॅक्टरचं तोंड तुमच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबतं. आई पिठाच्या हातांनी बाहेर येते आणि म्हणते, "पोराला मारून शिकवा, पण मरून नका शिकवू." तुम्ही चहा मागता. असं तुम्ही कितीतरी वेळा केलंत. कधी पोतं टाकायचात, कधी स्वतः यायचात, आणि शेवटी शेवटी दादाला ऐकू यायच्या आधीच त्याचे पाय खाली जायचे.

आता ऐका. शोरूमवाला ट्रॅक्टर दाखवायला घेऊन येतो. दादा चढतो, वहिनी देवाला हात जोडून आत पळते, आणि पहिला अर्धा तास आमच्या घरात दिवाळी असते. दादा पुढे जातो, मागे येतो, मातीचा ढीग उचलून दुसरीकडे ओततो. हसतोय, अण्णा. मग आंब्याच्या कलमांच्या आडून वहिनी पाण्याची बादली घेऊन त्याच्या वाटेत येते. तिची पाठ आहे. मी ओरडते, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "दोन्ही पाय!" दादानं तुमचं ऐकलं, नेहमीसारखं. पण या ट्रॅक्टरचा ब्रेक डाव्या पायाखाली आहे आणि उजव्या पायाखाली चाल. डावा पाय ब्रेकवर नुसता टेकला. उजवा पार तळाला गेला. ट्रॅक्टरनं उडी घेतली. वहिनीनं अंग कुंड्यांमध्ये झोकून दिलं, तिच्या बादलीचा चुराडा झाला, आणि ट्रॅक्टर शेणखताच्या ढिगावर आदळला. त्या धक्क्यानं दादाचा पाय पेडलवरून निसटला, तसा ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. वहिनी कोपर खरचटलेली उठली, अंगावरची माती झटकली आणि म्हणाली, "मारायचंच होतं तर सैपाक तरी होऊ द्यायचा." तिचे ओठ पांढरे पडले होते.

दादा उतरला आणि पाय ओढत खुर्चीत जाऊन बसला. म्हणाला, "गिअरचाच घ्या. डायव्हर ठेवा. माझा पाय मेलाय." शोरूमवालाही मान हलवत होता. मला आधी स्वतःचीच चीड आली, मग एकाएकी तुमची. कारण मेलेल्या पायानं हे केलंच नव्हतं. चांगल्या पायानं केलं होतं, आणि तुम्ही शिकवलंत तसं अगदी बिनचूक. मी दादासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "तुझा पाय बरोबर चालला. शिकवण या ट्रॅक्टरची नाही." तो म्हणाला, "अण्णांचं शिकवल्यालं तू मोडणार व्हय?" मी म्हटलं, "हो." एवढं स्पष्ट मी तुमच्यासमोर आयुष्यात बोलले नव्हते. तुम्ही नव्हतात म्हणून जमलं.

शोरूमवाल्याच्या हातापाया पडून तो ट्रॅक्टर थोडे दिवस भाड्यानं ठेवून घेतला. आधी इंजिन बंद ठेवून सराव, मग मागच्या मोकळ्या तुकड्यात, जिथं आमच्या दोघांशिवाय कुणी नाही. मी दोरीनं रिकामं पोतं ओढायची आणि ओरडायची, "पाय उचल!" दादा पोत्यावरून ट्रॅक्टर घालायचा. पुन्हा पोतं, पुन्हा "पाय उचल!", पुन्हा पोतं चाकाखाली. पोतं फाटलं की वहिनी निमूटपणे दुसरं आणून द्यायची, ते मला बघवत नसे. मग मी जेवतानाही सुरू केलं. दादा भाकरीचा तुकडा मोडतोय आणि मी मागून, "पाय उचल!" एकदा त्यानं खरंच दोन्ही पाय जमिनीवरून उचलले, ताट लवंडलं, आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटली. पण ट्रॅक्टरवर मात्र दहातून एखाद-दोनदा तरी त्याचा पाय खालीच जायचा. तेवढं पुरतं माणूस मारायला.

आज दुपारी तो ट्रॅक्टरच्या बादलीत माती भरून मधल्या वाटेनं येत होता. मोकळ्या वाटेनं जाऊ दे म्हणून मीच परवानगी दिली होती, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून. मी लांब, नळाशी. तेवढ्यात पलीकडच्या सोसायटीतली एक बाई बोगनवेलीचा फोटो काढत काढत उलट्या पावलांनी त्याच्या वाटेत आली. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की आतून दोन्हींपैकी कुठलं येणार ते मला ठाऊक नाही. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. अण्णा, इतकी मी कधीच घाबरले नव्हते, तुम्हाला दवाखान्यात नेलं तेव्हाही नाही. दादाला सांगायला कुणी नव्हतं, मी नाही आणि तुम्हीही नाही. त्यानं पाय उचलले. दोन्ही, अगदी गुडघे छातीशी येतील इतके. ट्रॅक्टर थांबला. बाईंनी फोटो काढला, वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, हॉर्न तरी द्यायचात!" दादा म्हणाला, "फोटू चांगला आला का बाई?" मग त्यानं ट्रॅक्टर बंद केला आणि बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तर मी हायड्रोस्टॅटिक घेतेय. उताराच्या तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, आपलं रान सपाट आहे एवढंच. हे मी दादाला वाचून दाखवणार नाही. तुम्हाला मोडून मी त्याला परत आणलं हे त्याला कळलेलं आहेच, ते लिहिलेलं दिसायला नको.

एकच गोष्ट त्यालाही सांगितलेली नाही. एवढे दिवस ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. आज संध्याकाळी मी पायरीवर बसून तुमचं "दोन्ही पाय!" मनात ऐकायचा खूप प्रयत्न केला. शब्द येतात, अण्णा. आवाज माझाच येतो.