भिंतीपलीकडचा भोंगा

६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

लोकांच्या घरी भोंगे बसवून बसवून तुझे कान गेले, म्हणून फोन सोडून मला कागद काळे करावे लागतात. आता माझेही कान त्याच वाटेवर आहेत, आणि त्याला तुझेच व्यवसायबंधू कारण आहेत.

शेजारच्या मुलीने घरात चोर-अलार्म बसवायला घेतला आहे. ती रजा काढून घरी बसली आहे आणि आज चौथा दिवस, नऊच्या ठोक्याला ड्रिल सुरू. माझी बैठकीची खोली आणि तिची खोली यांत एकच भिंत. ड्रिल माझ्या दाढेत चालल्यासारखं वाटतं. काल दुपारी जरा डोळा लागला, तर भोंग्याची चाचणी! एकदा नाही, सात वेळा. मी मोजल्या. वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ दचकून उठलं ते संध्याकाळपर्यंत रडत होतं. कारागिराला जाब विचारला, तर वर तोंड करून म्हणतो की वाजला नाही तर तो अलार्म कसला.

तीस वर्षं वॉर्ड सांभाळला मी. माझ्या वॉर्डात चमचा पडला तरी नर्सा आधी माझ्याकडे बघायच्या. आज सेक्रेटरींकडे लेखी तक्रार दिली आहे, अकरा बिऱ्हाडांच्या सह्यांसकट. २३ तारखेला, रविवारी, बैठक आहे. तो अलार्म काढायला लावल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

आणि ही कोण, तर जिच्यासाठी मी रोज खपते ती! तिच्या मावशीचं शेवटचं आजारपण मीच काढलं, तेव्हापासून त्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. मावशी गेल्यावर ही राहायला आली. सकाळी घाईघाईने दूध डेअरीत तपासनिशीच्या कामाला पळते, मागे सगळा पसारा. मी दुपारी एक फेरी मारते. ठिबकणारा नळ घट्ट करते, अंथरूण नीट घालते, औषधाच्या बाटल्या नावं समोर येतील अशा लावून ठेवते. केलेलं बोलून दाखवायची मला सवय नाही, म्हणून तिला एका शब्दाने सांगितलेलं नाही. त्याचं हे फळ.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. नणंद अजून ठणठणीत आहे म्हणावं. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

ताई


११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बायकोने मला मोठ्याने वाचून दाखवलं. अर्धं ऐकू आलं, उरलेलं तिच्या हसण्यावरून कळलं. मग मी स्वतः वाचलं आणि माझं हसू पळालं.

कारागीर चुकलाच. चाचणीआधी शेजाऱ्यांच्या दारांत चिठ्ठ्या टाकायच्या आणि भोंगा एकदाच, तोही दहा मोजेपर्यंत वाजवायचा, हे मी पहिल्या दिवशी शिकलो. पण चार दिवस माझ्या डोक्यात बसेनात. तेवढ्या दोन खोल्यांना दार उघडल्याचं कळवणारं एक चुंबक आणि बोळात हालचाल टिपणारा एक डोळा पुरतो. अर्ध्या दिवसाचं काम. चार दिवस म्हणजे तिने खिडकी न खिडकी, स्वयंपाकघरसुद्धा सोडलेलं नाही.

ताई, असं काम बाहेरच्या चोराच्या भीतीने कुणी करून घेत नाही. ज्यांच्या घरात कुणीतरी येऊन जातं, कुलूप शाबूत असतं, काही चोरीला जात नाही आणि वस्तू मात्र हललेल्या दिसतात, ती माणसं असं करतात. बाटल्या आपोआप तोंड फिरवत नाहीत. रागावू नकोस, पण तिचा चोर तू आहेस.

बैठकीच्या आधी जाऊन तिला सांग. तो अलार्म निघाला, तर ती त्या घरात एक दिवस राहायची नाही.

बायकोचा नमस्कार. माझ्यावर चिडलीस तरी माया कमी करू नकोस.

धाकटा


१५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी चोर? तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. चादरी नीट घालणारा चोर तुझ्या अख्ख्या नोकरीत एक तरी भेटला का? तुझे लंगोट मी धुतले, आणि आज तू मला अक्कल शिकवतोस!

तुला खोटं पाडायचं म्हणून काल तिचं दार उघडं दिसलं तसं आत डोकावले. झोपायच्या खोलीच्या दाराला आतून तीन कड्या लावल्या आहेत. वरच्या बाई सांगत होत्या की झोपताना ती त्या दाराला टेबल लावते आणि दुसरीकडे जागा बघते आहे. पोरीच्या डोळ्यांखाली काळं पडलं आहे. जागरणाचा चेहरा मला कळायला नको होता का?

पण तिने मला विचारायला काय झालं होतं? एका भिंतीपलीकडे तर राहते मी. आणि आता कोणत्या तोंडाने तिच्या दारात जाऊ? माझ्या शब्दावर अकरा जणांनी सह्या केल्या आहेत. माझी काही पत आहे की नाही?

पुन्हा असलं लिहू नकोस. तब्येत सांभाळ. राग आहे तोवर लोभही आहे असं समज.

ताई


१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लहान तोंडी मोठा घास घेतो. सह्या तुझ्या शब्दावर मिळाल्या, तशा त्या तुझ्याच शब्दाने मागे घेता येतील. ती पोर घर सोडून गेली, तर त्या रिकाम्या घरात फेरी मारून तू काय नीट लावणार आहेस?

पुढे काही लिहीत नाही. आशीर्वाद असू दे.

धाकटा


२४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल बैठक झाली. शनिवारी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले, हे आधीच सांगून टाकते.

सेक्रेटरींनी माझी तक्रार वाचली, सगळ्यांनी माना डोलावल्या. ती शेवटच्या खुर्चीत बसली होती. तिला बोलायला सांगितलं तर एवढंच म्हणाली की भीती वाटते, कशाची ते सांगितलं तर लोक हसतील. मग मी उठले. म्हटलं, ड्रिलची आणि सात भोंग्यांची तक्रार कायम आहे आणि कारागिराने वरच्या बाळाच्या आईची माफी मागितलीच पाहिजे. पण अलार्म काढायची मागणी मी मागे घेते, कारण हिच्या घरात शिरणारं माणूस मीच आहे. आणि किल्ली टेबलावर ठेवली.

कुणीतरी खुसखुसलं. ती हसली नाही. अंथरुणाचं विचारलं, नळाचं विचारलं, बाटल्यांचं विचारलं. मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. मग तिने सांगितलं की आपल्या डोक्यात बिघाड झाला असं वाटून ती डॉक्टरकडे गेली होती, आणि त्या बाटल्या त्याच औषधाच्या आहेत. धाकट्या, दोन महिने मी त्यांची नावं समोर करून ठेवत होते. एकदाही वाचली नाहीत. मी, तीस वर्षं नर्स राहिलेली!

सेक्रेटरींना वाटलं, प्रश्न मिटला. आता अलार्म काढणार ना, असं त्यांनी तिला विचारलं. तिने किल्ली उचलली, मला काकू म्हणतच, अगदी हळू आवाजात सांगितलं की अलार्म राहू दे. म्हणाली, निदान तो कुणासाठी आहे हे आता मला माहीत झालं.

काल संध्याकाळपासून चडफडते आहे, पण तिची चूक काही सापडत नाही. आज दुपारी फेरीची वेळ झाली तशी सवयीने चपला घातल्या, दार उघडलं, आणि तिथेच उभी राहिले. मग चपला काढून ठेवल्या.

लोभ असू दे. एरवी लिहायचं म्हणून लिहिते, आज मागते आहे.

ताई