गेटवरची केतकी

शनि. ११ जाने.

मुक्ता अजून ॲप्रन काढत नाही. जेवली तशीच. सांगितलं, आता शनिवारी जायचं नाही. तिने ऐकून घेतलं आणि नाडी आणखी घट्ट ओढली.

झालं ते असं. सकाळी वत्सलाअक्कांच्या गराजमध्ये नेहमीसारख्या आम्ही आठ आया कागदाच्या लगद्याचं काम करायला जमलो होतो. मुक्ता माझ्या शेजारी बसून जुने पेपर फाडत होती. लेक बारा वर्षांची, शब्द तिच्याकडे थोडेच, पण पट्ट्या फाडाव्यात तर तिनेच. सगळ्या एका मापाच्या. कागद खळीत भिजून मऊ पडला की तिला आनंद होतो आणि आनंद झाला की ती ओरडते. आज ओरडली. नेमका तेव्हा गट चालवणारी केतकी फोनवर आमचा व्हिडिओ घेत होती. तो बिघडला. फोन खाली ठेवला आणि हसत, हो, हसत म्हणाली, "उज्ज्वला, ही स्पेस आयांसाठी आहे ना गं. मुक्ताची शनिवारी दुसरी काही अरेंजमेंट होईल का? तुलाही जरा ब्रेक मिळेल."

तिची रिया तेव्हा खळीच्या एका पातेल्यात पाय घालून उभी होती. ती चालते!

बाकीच्या आपापल्या कागदावर वाकल्या. अक्का खळ ढवळत राहिल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण शब्द फुटेल तर शप्पथ. मुक्ताचे हात धुतले आणि निघालो. रिक्षात ती 'केके, केके' करत होती. केतकीला ती केके म्हणते. आवडते तिला ती बाई.

रवि. १२ जाने.

ग्रुपवर के.चा मेसेज: "सगळ्यांच्या कम्फर्टसाठी, आठ वर्षांवरच्या मुलांना प्लीज आणू नये." आठ वर्षांवरचं मूल गराजमध्ये एकच येतं. सरळ नाव घालायचं होतं.

मेसेजखाली सगळ्यांचे होकाराचे अंगठे. अक्कांनी जोडलेले हात. अक्का, ज्यांनी मला परकरात पाहिलंय, ज्यांनी स्वतः मला या गटात ओढलं! गराज राजाजीनगरातल्या अक्कांचं आणि नियम करणार शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, बेळ्ळंदूरहून गाडीतून येणारी.

श्रीधर म्हणाला, "सोड ना. दुसरा क्लास बघू." नवऱ्यांचं बरं असतं, सोड म्हटलं की त्यांच्यापुरतं सुटलं. दुसरा क्लास कुठे आहे? दोन ठिकाणांहून गोड बोलून परत पाठवलंय तिला. घरात पाच मिनिटं एका जागी न बसणारी पोर त्या गराजमध्ये सकाळभर खुर्ची सोडत नव्हती. तिची तेवढी एकच जागा होती.

सोडणार नाही. के.ला तर नाहीच.

बुध. १५ जाने.

काल अक्कांकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. के. पैठणीत. माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, म्हणाली, गोड बोल हं. मी खाल्ला. बोलले नाही.

रात्रभर मनात तेच. सकाळी भाजी चिरताना एकदम सुचलं आणि हातातली सुरी थांबली.

यंदा आम्ही दृष्टिबोंबे करतोय. इथे कानडी मुलखात दर बांधकामावर टांगलेलं असतं ते राक्षसाचं तोंड, मिशा, सुळे, बाहेर काढलेली जीभ. आम्ही जन्मापासून बघतोय. के.ला पुण्याहून येऊन इतकी वर्षं झाली, तिला ते आत्ता दिसलं, म्हणून ती 'तिची' कल्पना. प्रत्येक आईने एक मुखवटा करायचा, आपल्या लेकराची दृष्ट काढणारा. मार्चमध्ये प्रदर्शन.

माझा मुखवटा केतकीचा होणार. आंधळ्यालाही ओळखू येईल असा. भर हॉलमध्ये ती स्वतःच्या तोंडासमोर उभी राहील, सगळ्या बघतील आणि तिला काही बोलता येणार नाही. मला आलं नव्हतं तसंच.

शनि. १८ जाने.

एकटी गेले. मुक्ता ॲप्रन बांधून दारात. श्रीने तिला धरलं म्हणून निघता आलं. तिचा आवाज खाली गेटपर्यंत ऐकू येत होता. हा आवाज मी विसरणार नाही.

पालथ्या घमेल्यावर कागदाचे चार थर चढवले. मग नुसती के.कडे बघत बसले. इतके दिवस ओळखते, पण तिचं तोंड कधी नीट पाहिलंच नव्हतं. डावी भुवई किंचित वर. पुढच्या दोन दातांत फट. विचार करताना जीभ त्या फटीवरून फिरवायची सवय. 'नाही' म्हणायचं असलं की आधी ओठ मिटून हसते. हनुवटीला खळी. सगळं टिपून घेतलं.

निघताना मला म्हणाली, "तू ना, फार मन लावून ऐकतेस. बाकीच्या गप्पाच मारतात."

ऐकते ना.

गुरु. २३ जाने.

मुक्ता घरी पेपर फाडते. मोठी पिशवी भरलीय. मी ठरवलंय, मुखवट्याला यापुढे लागणारा सगळा कागद हाच. गराजमधला आणखी एक कपटा लावणार नाही. जिने मुक्ताला हाकललं तिचं तोंड मुक्ताच्याच हातच्या कागदाचं.

शनि. १ फेब्रु.

लगद्याने भुवया चढवल्या. डावी वर. दात बसवले, मधे फट. सुळे मात्र माझ्या मनाचे, लांब.

अक्का बघायला आल्या. आधी मुखवट्याकडे, मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला के.कडे. पुन्हा मुखवट्याकडे. पदर तोंडाला लावला.

"अय्यो उज्ज्वला."

"काय झालं, अक्का?"

"काही नाही गं. भुवई स्वल्प खाली घे की."

"नाही घेणार."

मग आपल्या जागेवर गेल्या आणि खळ ढवळायला लागल्या. तासाभरात बाकीच्याही एकेक करून पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्यामागून जाऊन आल्या. सगळ्यांना कळलंय. के.ला सोडून. सगळ्या मूग गिळून बसल्या आहेत. त्या दिवशीही बसल्या होत्या, सवय आहे.

के.चा स्वतःचा मुखवटा मांजरासारखा झालाय. ते बघून फार बरं वाटलं. इतकं बरं वाटावं याची लाजही वाटली नाही.

रवि. ९ फेब्रु.

रंगवायला घरी आणला. मुद्दाम. तिथे रंगवला असता तर अक्कांनी हात धरला असता.

लाल, पिवळा, काळा. जीभ रंगवून होते तोच मुक्ता आली. समोर मांडी घालून बसली. मला वाटलं घाबरेल. तिने मुखवट्याच्या गालावर तळवा ठेवला, सगळा रंग हाताला लागला, आणि जोरात ओरडली, "केके!" आनंदाचं ओरडणं. मग गालाला गाल लावला.

मी तिच्यासाठी सूड उगवायला बसलेय आणि ही त्याच तोंडाला गाल लावते! माझ्या लेकीला शत्रू ओळखता येत नाही. राग आला, तिचाच. पाठीत धपाटा घालणार होते, घातला नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

मुखवट्याच्या गालावर तिच्या पंजाचा ठसा उमटलाय. पुसायचा होता. राहू दिला.

मंगळ. ४ मार्च

आमंत्रणपत्रिका आली. 'आया आणि त्यांची मुलं: सर्वांचं स्वागत.' दोनदा वाचली.

सर्वांचं ना? मग मुक्ताला नेणार. श्री म्हणतो, "उगाच तमाशा होईल." तमाशाच करायचाय मला.

शनि. ८ मार्च

लिहायलाच हवं.

हॉल भरलेला. आठ मुखवटे ओळीने, माझा शेवटचा. अक्कांनी तिथे लावला असणार, कोपऱ्यात, कुणाची नजर जाऊ नये म्हणून. मुक्ताला नवा फ्रॉक घातला होता, पण तिने वर ॲप्रन चढवलाच. के. पाहुण्यांना समजावून सांगत एकेका मुखवट्यापुढून येत होती. आईची भीती, आईची शक्ती, असलं काहीतरी. मी कोपऱ्यात वाट बघत. इतकी मजा मला कित्येक दिवसांत आली नव्हती.

ती माझ्या मुखवट्यापाशी आली, आणि मी काही करायच्या आत मुक्ता ओरडली. तिच्या सगळ्या ताकदीने. "केके!" बोट मुखवट्याकडे. मग के.कडे. पुन्हा मुखवट्याकडे. "केके! केके!"

सगळ्यांच्या माना तिकडून इकडे, इकडून तिकडे. कुणीतरी खुदकन हसलं आणि खोकल्यावर नेलं. अक्कांनी डोळे मिटले.

के. बघत राहिली. भुवई. दात. खळी. तिची जीभ दातांच्या फटीवरून फिरली, नेहमीसारखी. चेहऱ्यावर काहीच नाही. मी तिचं तोंड इतकं शिकलेय, पण त्या क्षणी मला त्यातलं अक्षर वाचता आलं नाही.

मग ओठ मिटून हसली. म्हटलं, आता. आता बोलेल. म्हणाली, "उज्ज्वला, हा मास्क मला हवाय. व्हाइटफील्डचं घर तयार होतंय ना, गेटवर लावणार." आणि मुक्ताकडे वाकून, "बरोबर ओळखलंस."

काय बरोबर ओळखलं? मुखवटा की ती? विचारायला हवं होतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

रवि. ९ मार्च

अक्का घरी आल्या, बिसीबेळे भात घेऊन. मी तोंड फिरवून बसले. अक्काच बोलल्या.

"तेव्हा बोलायला पाहिजे होतं मी. चुकलंच."

"हो, चुकलं."

"सरी, बरं. आता ऐक. ती खरंच गेटवर लावणार ते?"

"लावू दे ना. रोज स्वतःचं थोबाड बघून आत जाईल."

अक्का हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "अगं वेडे, दृष्टीचं तोंड ते! जेवढं भयंकर तेवढी घराची राखण चांगली. तुझ्याइतकं भयंकर कुणी केलंय का?"

एवढा राग घातला त्यात, मुक्ताचा कागद, माझे सगळे शनिवार, आणि तो आता तिच्या घराचं भलं करणार! तिच्या रियाला कुणाची नजर लागू देणार नाही. माझ्या पोरीला बाहेर काढलं आणि माझाच राग तिच्या पोरीची राखण करणार.

परत मागायचा विचार केला. कुठल्या तोंडाने मागू?

रवि. ३० मार्च

पाडवा. के.ची वास्तुशांत आज. आम्ही गेलो नाही. ग्रुपवर फोटो. गेटवर मुखवटा, झेंडूची माळ घातलेला. माझ्या सुडाला माळ! फोटो मोठा करून बघितला. गालावरचा पंजा तसाच आहे.

आठ वर्षांचा नियम अजून ग्रुपवर आहे. कुणी काढला नाही. मी शनिवारी जात नाही. मुक्ता अजून ॲप्रन बांधते, पण दारात कमी वेळ उभी राहते. हे जास्त वाईट आहे.

शनि. २६ एप्रिल

सकाळी के.चा मेसेज. ग्रुपवर नाही, मला एकटीला.

"उज्ज्वला, उन्हाने मास्कचे रंग उडालेत. टच-अप करायला आज येशील का? मुक्तालाही आण. गेटबाहेर खूप मोकळी जागा आहे, तिला हवं तेवढं ओरडू दे."

श्रीला दाखवला. म्हणाला, "चांगुलपणानं बोलावतेय, जा." अक्कांना फोनवर वाचून दाखवला. म्हणाल्या, "सरी, जा की." मी मात्र 'गेटबाहेर'वर अडकलेय. मुखवटा गेटच्या बाहेरच्या अंगाला आहे, रंगवायचा तर बाहेरच उभं राहावं लागणार, हे मलाही कळतं. तरी. माझ्या लेकीला आत घेईल का, चहाला तरी, की तिची जागा पुन्हा बाहेरच? तिने न विचार करता लिहिलं की विचार करून? त्या दिवशीच्या हसण्यासारखंच हेही वाचता येत नाही.

रंगांचे डबे काढले. लाल, पिवळा. काळा थोडा जास्तच घेतला. तिने आत बोलावलं नाही तर भुवया आणखी जाड करता येतील, सुळे आणखी लांब. बोलावलं तर काय करायचं, ते सुचत नाही.

डब्यांचा आवाज ऐकून मुक्ता स्वतःच ॲप्रन घेऊन आली. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, नाडी बांधायला. ती तशीच उभी आहे आणि मी इथे लिहीत बसलेय.