दहा मिनिटं पुढचं घड्याळ

११ जानेवारी, रविवार

जहाजाचं माहितीपुस्तक तिसऱ्यांदा वाचून काढलं. सगळं इंग्रजीत. डिक्शनरी सात शब्दांना लागली, फक्त सात. अश्विनीने लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला भेट दिलेली सहल. सिंगापूरहून निघायचं, पेनांग, फुकेत, परत. लेक म्हणाली, "पप्पा, तुम्ही फक्त बसायचं." फक्त बसणं आपल्याला जमत नाही.

बंदरावर उतरून गाव बघायचे दोन मार्ग. जहाजाची सहल: त्यांची बस, त्यांचा माणूस, छातीला नंबराचा कागद चिकटवून झेंड्यामागं चालायचं. नाहीतर आपली खासगी गाडी ठरवायची. मी खासगीच ठरवणार. आठवी शिकून नागापूरला वर्कशॉप उभं केलं, मापं तपासायची गेज बनवतो, मायक्रॉनची चूक पकडतो. मला झेंडा कशाला?

पान १४, तळाला, बारीक अक्षरात: जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. खासगी गेलेल्यांसाठी थांबत नाही.

हे सुनंदाला वाचून दाखवायला नको होतं. सवयीनं मोठ्यानं वाचलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"मग जे थांबतंय त्याच्यासंगं जाऊ."

"अगं, पण मी वेळापत्रक असं करतो की..."

"तुमचं वेळापत्रक मला माहीत हाय."

पुढं काही नाही. रामाचं नाव नाही. एकोणीस वर्षं ती असंच बोलते, नाव गाळून.

१३ जाने., मंगळ.

वेळापत्रक तयार. प्रत्येक बंदरावर शेवटच्या वेळेआधी एक तास हातात ठेवलाय. पेनांगला आम्ही दोघंच. फुकेतला गाडीत पुण्याचे लिमये पती-पत्नी वाटेकरी. बँकेतून निवृत्त, फोनवर सभ्य वाटले.

सुनंदाला वही दाखवली. बघितली नाही. "जहाजवाल्यांचं घ्या म्हनले होते."

"तुला माझ्यावर भरवसा नाही?"

"तुमच्या घड्याळावर हाय," म्हणाली आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली.

हे वाक्य दिवसभर डोक्यात. तिला काय माहीत आहे?

१८ जाने., रवि. जहाजावर

अकरा मजले. इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही, पायाला कळतो. खालच्या मजल्यावर भिंतीला हात लावून बघितला. सुरेख बॅलन्स. मशीनवाल्यांना सलाम.

जेवणाच्या हॉलबाहेर फळ्यावर: उद्या पेनांग. सर्वांनी सायं. ५ पर्यंत जहाजावर. खाली लाल अक्षरात, जहाज थांबणार नाही.

हे वाक्य माझ्या अक्षरात होतं. वर्कशॉपच्या सहलीच्या नोटिशीत, दर जानेवारीला, खडूनं: गाडी कोणासाठीही थांबणार नाही. पोरं हसायची. पण यायची वेळेवर.

मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलं. अगदी सेकंदाला.

१९ जाने., सोम. पेनांग

टेकडीवरची रेल्वे, देऊळ, जुनी बाजारपेठ. गाडीवाला गुणी. नारळपाणी दोनदा. सुनंदा हसली एकदा, देवळातल्या कासवांना बघून. "आपल्या विहिरीतल्यापरीस लई जाडजूड." सोनई तिचं माहेर. सोनईची माणसं कुठंही गेली तरी विहीर सोनईची.

परत ४ वाजून १० मिनिटांनी. पन्नास मिनिटं आधी. मी म्हणालो, "बघ." ती म्हणाली, "बघितलं."

मग ते.

पाचच्या पुढं डेकवर उभे होतो. शिडी वर घेतली होती. धक्क्यावर दोघं पळत येताना दिसली, एक बाई, एक माणूस, गोरे, हातात पिशव्या. वरून लोक ओरडायला लागले, शिट्ट्या, मोबाईल काढून शूटिंग. एकजण टाळ्या वाजवत होता, शर्यत असल्यासारखा. धक्का आणि जहाज यांच्यात हातभर पाणी. मग पुरुषभर. मग रस्त्याएवढं. बाई थांबली, गुडघ्यावर हात टेकून वाकली. माणूस पिशवी हलवत राहिला. पिशवी पांढरी.

शेजारचा म्हणाला, खासगी गेले असणार.

सुनंदा बघत होती. "ते हात करतायत," म्हणाली. थोड्या वेळानं, "वरून एकानंबी हात केला न्हाई." आणि आत गेली.

आता लिहितो. कधी लिहिलं नाही ते.

रामा माझा मेहुणा. सुनंदाचा धाकटा, पाठचा. वर्कशॉपच्या सहलीला सोनईहून पाहुणा म्हणून आला होता. समुद्र बघायचा म्हणाला. परतीला माळशेज घाटाच्या खाली चहाला थांबलो. तिथं बाजार भरलेला. रामा म्हणाला, "दाजी, ताईला सुकट घिऊन येतो." मी म्हणालो, "चारला गाडी निघंल. बरोबर चारला."

चार वाजले. सगळे आले, रामा नाही. कोंडीराम मिस्त्री म्हणाला, "शेठ, पाव्हणा हाय. थांबू की दहा मिंटं." मी म्हणालो, "नियम म्हंजे नियम. येईल मागल्या गाडीनं, परत उशीर करायचा न्हाई." निघालो.

रामाला नंतर एका ट्रकवाल्यानं शेजारी बसवून घेतलं. ट्रक घाटात दरीत कोसळला, रामा त्यात गेला. सुकटाची पिशवी फाटली नव्हती.

हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं नाही.

आमच्या वर्कशॉपचं घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं. पहिल्यापासून. पोरं आठला यावीत म्हणून. माझं मनगटी घड्याळ मी रोज त्यालाच जुळवायचो. कामगारांना हे अंगवळणी, ते त्याच वेळेनं जगतात, सहलीतसुद्धा. रामा कामगार नव्हता. पाहुणा होता. त्याच्या हातात त्याचं घड्याळ होतं.

मी चारला निघालो तेव्हा चारला दहा कमी होते.

चहावाल्यानं नंतर मला सांगितलं, पोरगा चार वाजता आला, रेडिओवर चारच्या बातम्या लागत होत्या. मी कुणाला सांगितलं नाही.

आणि आरसा. मिनीबसमध्ये मी पुढं बसलो होतो. वळणावर बाजूच्या आरशात काहीतरी पांढरं हललं. पिशवी असेल. बाजारातलं प्लॅस्टिक असेल. मी मान वळवली नाही.

वर्कशॉपचं घड्याळ अजून दहा मिनिटं पुढंच आहे. बरोबर केलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, आत्ताच का?

२० जाने., मंगळ. फुकेत. (रात्री नाही, जेवणाआधी लिहितोय)

सकाळी सुनंदा म्हणाली, "आज तरी त्यांच्या बसनं." मी म्हणालो, लिमये वाट बघतायत, शब्द दिलाय. ती आली. चप्पल घालताना म्हणाली, "शब्द सगळ्यांना देता, व्हय ना."

छोट्या बोटीनं किनाऱ्याला न्यायचे. शेवटची बोट साडेपाच, जहाजाच्या वेळेनं. इथली गावातली वेळ जहाजापेक्षा एक तास मागं. हे मला ठाऊक होतं. वहीत पहिल्या ओळीत, लाल पेनानं, खाली रेघ. लिमयेंनाही सांगितलं.

सुनंदाला सांगितलं नाही. ती माझ्याबरोबर होती म्हणून. तिला वेगळी वेळ कशाला.

जेट्टीवर फुकट वायफाय लागलं, तिनं लेकीला फोटो पाठवला. त्या मिनिटाला तिच्या फोनचं घड्याळ आपोआप गावच्या वेळेला लागलं असणार. मी बघितलं नाही.

दुपारी गावातला मोठा बाजार. मी सगळ्यांना म्हणालो, "साडेतीनला गाडीपाशी. बरोबर साडेतीनला." तोच सूर. माझा मलाच ऐकू आला.

साडेतीन. लिमये दोघं हजर. सुनंदा नाही.

तीन चाळीस. बाजारात एक फेरी मारली. फोन लागेना, वायफाय नाही. तीन पन्नास. लिमये म्हणाले, "अहो, इथून जेट्टी तासभर आहे." बाई म्हणाल्या, "वहिनींना वेळ सांगितली होती ना?" मी म्हणालो, सांगितली होती.

लिमये म्हणाले, "तुम्ही राग मानू नका. आम्ही निघतो. तुम्ही दुसरी गाडी करा." चूक काय त्यांची? नियमानं बरोबर. मी असतो तर निघालो असतो. निघालोच होतो.

गाडी वळली. बाजूचा आरसा चमकला. लिमयेंनी मागं बघितलं का ते कळलं नाही.

मग मी तिथं उभा. पन्नाशीच्या पुढचा माणूस, पायरीवर, घड्याळ हातात काढून. चार. चार दहा. बाजारातून वाऱ्यानं सुक्या मासळीचा वास येत होता. एकोणीस वर्षं आमच्या घरात सुकट शिजलेलं नाही. कुणी बंदी घातली नाही. बंद झालं.

चार पंचवीसला सुनंदा आली. हळूहळू, पदर सावरत. हातात काही नाही. मला बघून थबकली.

"गाडी कुठं हाय?"

"गेली. तू कुठं होतीस?"

"सुकट बघत हुते. घेतलं न्हाई." मग माझं तोंड बघून, "का? मी उशीर केला का? बघा की." तिनं फोन पुढं केला. तीन पंचवीस. "पाच मिंटं आधीच आले."

ती बरोबर वेळेवर आली होती. पाच मिनिटं आधी. तिच्या घड्याळात.

एक लाल, मागं बाकं असलेली टेम्पोसारखी गाडी मिळाली. ड्रायव्हरला हातवारे केले, जेट्टी, जहाज, पळ. त्यानं पळवली. वाटेत तिला सांगितलं, इथं दोन वेळा आहेत, जहाजाची वेगळी, गावची वेगळी. ती बाकाला धरून बसली होती.

"मंजी मी चुकले न्हाई."

"नाही."

"तरीबी गाडी गेली."

"हो."

वळणावर म्हणाली, बाहेर बघत, "त्यो बी असाच पळाला असंल." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

जेट्टीवर उतरलो तेव्हा पाच सत्तावीस. बोटीचा दोर सोडत होते. मी ओरडलो. पळालो. माझ्या मागं तिच्या चपलांचा आवाज. बोटीवरच्या पोरीनं हात केला, थांबवलं. दोन मिनिटं. कुणाचं काही बिघडलं नाही.

लिमये वर डेकवर भेटले. "आलात? वा!" म्हणाले. मनापासून.

२१ जाने., बुध. दिवसभर समुद्र

जमीन नाही कुठं. सुनंदा खुर्चीवर बसून पाणी बघते. मी वही घेऊन दूर.

दुपारी चहा घेताना: "कोंडीराम मिस्त्री म्हनला हुता ना, थांबू या?"

"म्हणाला होता."

"किती मिंटं म्हनला?"

"दहा."

"दहा," ती म्हणाली. कप खाली ठेवला. आणखी काही विचारेल म्हणून थांबलो. विचारलं नाही. तिला कोंडीरामनं कधी सांगितलं? की त्यानं आणखीही काही...

कोंडीरामला घड्याळाचं ठाऊक आहे. सगळ्या पोरांना ठाऊक आहे. एकोणीस वर्षं एकानंही हिशोब जुळवला नसेल? की जुळवला, आणि माझ्यासमोर गप्प राहिले? शेठची वेळ ती वेळ.

काल उभा होतो तो पाऊण-एक तास. रामाला त्यातली दहाच हवी होती. दहाही नाही. मला फक्त खरी वेळ बघायची होती.

२५ जाने., रवि. नागापूर

वर्कशॉप बंद. सकाळी एकटा गेलो. अश्विनीला सांगितलं, मशीनला तेल द्यायचंय.

स्टूल घेतलं. भिंतीवरचं घड्याळ काढलं. मागं भिंतीवर धुळीची कड, आत गोल पांढरा रंग तसाच. काटा मागं फिरवला. एक, दोन, तीन. दहा. बोटानं नीट मोजून. लेथच्या डायलसारखं. परत लावलं. परवा पोरं आली की घड्याळात सात पन्नास दिसतील, विचारतील. आधी ठरवलं. खरं काय ते सांगायचं.

काय सांगायचं ते नाही ठरवलं.

दारात सुनंदा. मी चष्मा घरी विसरलो होतो, तो घेऊन आली होती. कधीपासून उभी होती ठाऊक नाही.

"किती पुढं हुतं?"

"दहा."

"कदीपासनं?"

मी स्टुलावरून उतरलो. म्हणालो, थांब, वहीत लिहून घेतो, मग सांगतो. लिहिल्याशिवाय मला नीट बोलता येत नाही, ती जाणते.

तिनं चष्मा माझ्यापुढं ठेवला. तेच स्टूल ओढून बसली, घड्याळाखाली.

"लिवा," म्हणाली. "सावकाश लिवा. मी थांबते."

अकरा वाजून सहा मिनिटं झालीत. घड्याळात आणि बाहेरही. पेन अजून कागदावर आहे. ती बसली आहे.