कुडपणला कोण जाणार

२ मे १९८४, महाड
कुडपणच्या पठाराचा लेव्हलिंग सर्व्हे २० तारखेपासून. ओव्हरसियर दोन, मी आणि महिपतराव. एकाने जायचं. त्याच दिवशी अलिबागला जिल्हा कर्मचारी बुद्धिबळ स्पर्धा आहे आणि मला तिथे खेळायचंय. माझ्या टेबलावरची कोड्यांची कात्रणं बघून महिपतराव म्हणाले, मॅडम, एक डाव टाकू, हरेल तो कुडपणला. साहेब हसले. म्हणजे मंजुरी.

३ मे
महिपतराव उमरठचे. गावच्या रीतीने खेळणार. प्यादं पहिल्यांदाही एकच घर. राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी, पण आधी शह बसलेला नसेल तरच. मी मान्य केलं. किरकोळ गोष्टींवर अडून बसणं बरं दिसत नाही.

७ मे
रोज पाच कोडी, उत्तर न बघता. आज एक सुटलं. बाकीची उत्तरं पाहिली. त्याच चाली माझ्या मनात होत्या.

१० मे
हल्ल्याचे गाजलेले डाव पटावर लावून पाहतेय. हत्ती देतात, उंट देतात, आणि एका शांत चालीने सगळं संपवतात. ऊठसूट शह देणं हे नवख्याचं लक्षण. निश्चय: गरज नसताना शह द्यायचा नाही.

१२ मे
सराव म्हणून शिपाई सदूशी खेळले. हत्ती दिला, घोडा दिला, हरले. सदूला बलिदान कळत नाही. म्हणे, बाय, तुमी देता तर नाय कशाला म्हनू?

१५ मे
अलिबागची बॅग भरली. कुडपणचा नकाशा महिपतरावांच्या टेबलावर ठेवला.

१७ मे
मधल्या सुट्टीत डाव. सगळं ऑफिस भोवती. मी घोडा दिला, मग हत्ती. अख्ख्या डावात एकही शह नाही. मग वजीर अलगद एक घर सरकवला. पुढच्या चालीला मात. त्यांच्या राजाला हलायला जागाच नव्हती.
महिपतरावांनी पान तोंडात टाकलं आणि राजा उचलून घोड्याच्या चालीने पलीकडे ठेवला. सदू म्हणाला, सुटला. महिपतराव हळूच म्हणाले, मॅडम, एक तरी शह द्यायचा होता.
पुढचं लिहिण्यासारखं नाही. लढायला माझ्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. छापील कोड्यात ही मातच धरली असती.

२० मे, कुडपण
चढ बराच आहे. मुक्काम आनंदीबाईंकडे, महिपतरावांची बहीण. आल्याआल्या त्यांना सांगितलं की काम अवघड आहे, म्हणून साहेबांनी मुद्दाम मला निवडलं.
त्यांनी भाकरी वाढली. म्हणाल्या, हरलीस ना गो?
मी भाकरीचा तुकडा मोडला.
म्हणाल्या, वाईट नको वाटून घेऊ. दादाला चढ सोसत नाय. दर साली कुनी ना कुनी साहेब हरून येतो. गेल्या सालचा तर दोन दिस जेवला नाय.
मी आणखी एक भाकरी मागून घेतली.