मुकी शिकवणी

२ फेब्रुवारी
डॉक्टरांनी बोलायला बंदी केली म्हणून लिहिते आहे, हौस म्हणून नाही. वर्गात ओरडून ओरडून घशात गाठ धरली होती, ती दौंडला काढली. महिनाभर एक शब्द नाही — कुजबुजसुद्धा नाही! सगळं वरवंड गाव खुशीत दिसतंय. आमचे दीर आण्णा तर उघडच म्हणाले, "वैनी, आता आमी बोलतो, तुमी ऐका."

पण सुनेचं काय करू? सोनम दहावीला गणितात दोनदा नापास. कुरकुंभच्या कंपनीत पॅकिंगला जाते, कंत्राटावर. साहेबांनी सांगितलंय — दहावी पास असेल तिलाच कायम करणार. पेपर मार्चमध्ये. आणि मी मुकी!

४ फेब्रुवारी
सोनम पहिल्या शिफ्टवरून आली, तशीच पाटी देऊन बसवली. अर्धा अधिक एक तृतीयांश. उत्तर लिहिलं — "तेरा आणे आन् वर थोडं."

तोंड उघडलं होतं मी! गिळलं. पाटीवर एवढंच लिहिलं: कसं?

"विहिरीत आण्णांचा आठ आणे हिस्सा, म्हंजी अर्धा. सोळाचा तिसरा भाग पाच आणे आन् थोडं. झाले की तेरा!"

इकडे विहिरीची वाटणी आण्यांतच बोलतात. अख्खी विहीर सोळा आणे. आवाज असता तर मी छप्पर उडवलं असतं आणि ती नेहमीसारखी रडत चुलीपाशी गेली असती. आज गेली नाही. मी पाटीवर विहीर काढली, तिचे सहा भाग पाडले. बघत राहिली.

"म्हंजी सोळा न्हाई, सहा हिस्से धरायचे? तीन आन् दोन... पाच! सहातले पाच! वर थोडं उरतच न्हाई!"

उडी मारली. चहा सांडला.

७ फेब्रुवारी
शंभू जेवताना म्हणाला, "घरात किती शांत वाटतंय, नाही?" पोटचा मुलगा! पाटीवर उत्तर लिहिलं. त्याने वाचून लगेच पुसलं.

१३ फेब्रुवारी
समीकरणं. बरोबरच्या पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं — दहा वेळा लिहून दाखवलं. सोनम: "सासरी गेल्यावर आडनाव बदलतं, तसं?"

हसू आलं. आवाज न करता हसायला फार त्रास होतो.

१९ फेब्रुवारी
आठातली सहा गणितं बरोबर. तिला दाखवण्यापुरता चेहरा कडक ठेवला.

२४ फेब्रुवारी
दौंडला दाखवून आले. "बोला आता, पण हळू." घरी कुणाला सांगितलं नाही. गाडी नीट चालली असताना गिअर कशाला बदला? पेपरपर्यंत मुकीच.

संध्याकाळी म्हशीने दुधाच्या बादलीत पाय घातला. सुटलंच तोंडातून! म्हशीशिवाय कुणी ऐकलं नाही.

२७ फेब्रुवारी
विहिरीच्या पाळीच्या चिठ्ठ्या. तीन घरं, तीन चिठ्ठ्या, एकीवर पहिली पाळी. दरवर्षीचंच भांडण — आण्णा म्हणणार, "पयला हात माझा!" आणि बाकीचे उठून जाणार.

आज सोनम मध्येच बोलली. चुलत सासऱ्यांसमोर, पदर सावरत, पण खणखणीत. "आण्णा, पयली उचला नाहीतर शेवटची. तिघांनाबी तीनात एकच संधी. पयल्याला न्हाई लागली तर उरल्या दोन—" पाटीच आणून मांडून दाखवलं.

आण्णांनी चिठ्ठ्या तिच्यापुढे सरकवल्या. "मंग पयली तूच उचल."

उचलली. कोरी निघाली. आण्णांनी मांडी थोपटली. "शाळा शिकली, पाळी हुकली!" ती सगळ्यांत जास्त हसली.

६ मार्च
पेपर झाला. केंद्राबाहेर उभी होते. लांबूनच हात हलवत आली. "आई, विहिरीसारखंच आलंवतं!"

मी म्हणाले, "पदर खोच, उन्हात पळू नकोस." शंभूच्या हातून गाडीची किल्ली पडली. ती मात्र जराही दचकली नाही. पेपराच्या आनंदात असेल.

१४ मे
सोनम पास! कंपनीचं पत्र पुढच्या आठवड्यात.

पाटी आणि खडूंचा डबा आज तिच्या हवाली केला. पॅकिंगमधली पूनम उद्यापासून तिच्याकडे शिकायला येणार आहे. बदल्यात सोनमने माझ्या हातावर खडीसाखरेची पुडी ठेवली. म्हणाली, "म्हशीवर वरडलात, तवाच ऐकलंवतं मी. म्हटलं, पेपर होईस्तवर आपणबी गप्पच ऱ्हावं."