दुसरा रकाना

बाबा, मी नोकरीत नेमकं काय करते हे मला तुम्हाला कधी सांगताच आलं नाही. आई सगळ्यांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते. खरं तर मी जर्सी सिटीतल्या एका कंपनीत बसून युरोपचे कायदे वाचते. लोकांच्या फोनमधली माहिती कोणी आणि कोणाला विचारून घ्यायची, यावर तिकडे वर्षानुवर्षं घासाघीस चालते. पहिला मसुदा युरोपीय आयोग करतो. मग निवडून आलेली संसद आणि सरकारांची परिषद आपापले बदल सुचवतात. तिघांचं म्हणणं एकाच कागदावर, तीन रकान्यांत, शेजारी शेजारी लिहिलेलं असतं. चौथा रकाना कोरा. तिघांचं जुळेल तसा तो भरायचा, आणि शेवटचं कलम जुळेपर्यंत काहीच पक्कं नाही. तो कागद पहिल्यांदा पाहिला आणि मला आपलं नागपूरचं स्वयंपाकघर आठवलं.

तुम्ही विहाराच्या समितीचे चिटणीस. माझं अक्षर बरं, म्हणून सभेचं इतिवृत्त मी स्वच्छ उतरवून द्यायची. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही पान डोळ्यांजवळ धरून वाचताय. "शेजारच्या काकूंचं म्हणणं कुठाय?" काकू भर सभेत म्हणाल्या होत्या की विहाराचं वाचनालय बायकांच्या सवडीला बंद असतं, चिटणीस मनमानी करतात. "चुकून राहिलं," मी म्हणाले. "आपल्याला न पटणारं आधी लिहायचं, तेही त्यांच्याच शब्दांत. नाहीतर उद्या तडजोड कोणाशी करणार?" आणि अख्खं पान पुन्हा लिहायला लावलंत. मी रडत लिहिलं, तुम्हाला जरासुद्धा दया आली नाही. पुढच्या महिन्यापासून वाचनालय दुपारीही उघडं राहू लागलं.

गेल्या आठवड्यात मॅनेजमेंटसाठी त्या कागदाचा सारांश करत होते. दुसरा रकाना संसदेचा, आणि आमच्या धंद्याला तोच सगळ्यात अडचणीचा. बॉस पुण्याचा, तसा चांगला माणूस. म्हणाला, "पार्लमेंटचा कॉलम ड्रॉप कर ना यार. तो टिकणार नाहीये. उगाच सगळे पॅनिक होतील." माझ्या व्हिसाचं रिन्यूअल त्याच्या हातात आहे. तरी रकाना ठेवला, शब्दन्‌शब्द. तेव्हापासून तो कामापुरतंच बोलतो, रिन्यूअलचं काही कळत नाही, आणि चौथा रकाना अजून कोराच आहे. पण मला झोप शांत लागते, बाबा, ती तुमच्यामुळे.

तुम्ही गेलात, हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. काकूंची ती ओळ चुकून राहिली नव्हती. तुमच्याविरुद्ध होती, म्हणून मी गाळली होती.